चढाईनाना आणि कोल्हापूरचा गडी

चढाईनानांना फुटबॉलमधलं फारसं काही कळत नव्हतं, आणि बिरवाडीच्या मैदानावर फुटबॉलची कॉमेंट्री मात्र वर्षानुवर्षं तेच करायचे. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. बाहेरगावच्या संघाबरोबर आलेला एखादा जाणकार विचारायचा, "हे गृहस्थ बॅकला कोपरारक्षक का म्हणतायत?" तेव्हा आमच्यातलाच कुणीतरी त्याला गप्प करायचा. "ऐका हो. पुढे अजून मजा आहे."

नाना मूळचे कबड्डीचे. वरंधच्या वर डोंगरात त्यांची वाडी, घरी म्हशी आणि थोडी नाचणी-वरी. तरुणपणी महाड-पोलादपूर भागात चढाईला त्यांच्यासारखा गडी नव्हता, असं जुने लोक सांगतात. गुडघा गेला, खेळ सुटला, तेव्हा कुणीतरी त्यांच्या हातात माइक दिला. पुढे एमआयडीसीत बंगालची, केरळची माणसं कामाला आली, बिरवाडीत खोल्या घेऊन राहिली आणि सुट्टीच्या दिवशी नदीकडच्या मैदानात फुटबॉल खेळू लागली. आमची पोरं त्यांच्यात मिसळली, संघ झाले, स्पर्धा भरू लागल्या. स्पर्धा म्हटली की माइक लागतो, आणि आमच्याकडे माइक म्हटलं की नानाच. माझं महाडला मंडप आणि साउंडचं दुकान. प्रत्येक सामन्याला सेट घेऊन मीच जायचो, त्यामुळे नानांच्या शेजारची खुर्ची कायम माझी.

नानांनी खेळ बदलला, पण शब्द बदलले नाहीत. चेंडू घेऊन कुणी पुढे धावला की 'चढाई', त्याला कुणी अडवलं की 'पकड'. एकदा आमच्यावर लागोपाठ गोल झाले, तेव्हा "आपल्या संघावर लोण चढलेला आहे" असं त्यांनी जाहीर करून टाकलं. हळूहळू बंगाली पोरंसुद्धा मैदानात एकमेकांना "चढाई, चढाई" ओरडू लागली. नाव पडलं ते असं.

एरवी आमच्यासारखंच 'हाय', 'नाय' बोलणारा हा माणूस माइक तोंडाशी आला की एकदम इस्त्रीची भाषा बोलायचा. माइकवर पंजा झाकून मला विचारायचे, "त्यो लाल कपड्यातला पडला कशानं रे?" आणि पंजा काढून लगेच, "लाल पोशाखातील खेळाडू काही कारणाने धारातीर्थी पडलेला आहे!" तो खेळाडू एव्हाना उठून पळतही असायचा.

पण मला त्यांची खरी गंमत वाटायची ती वेगळीच. न कळलेलं लपवावं असं त्यांच्या मनातच येत नसे. "पंचांनी शिट्टी दिलेली आहे. का दिली, ते मला समजलेलं नाही. ज्यांना समजलं असेल त्यांनी कृपया मंडपाकडे यावं." आणि माणसं खरोखर यायची, मंडपात उभी राहून वाद घालायची. बॉयलरवर काम करणारे आमचे घोषदा चहाचे ग्लास मांडून ऑफसाइड समजावून द्यायचे. नाना मन लावून ऐकायचे, मान डोलवायचे आणि पुढच्या सामन्याला पुन्हा तेच विचारायचे. "कळलं हुतं रे," मला म्हणायचे, "पण समोर ग्लास नसले का इसरतं."

अशात आमच्या संघात सूरज आला. गॅरेजवाला शेखर म्हणजे संघाचा कर्ताधर्ता. त्याने कुणाच्या तरी ओळखीने हा स्ट्रायकर थेट कोल्हापूरहून आणला. एका कारखान्यात ठेकेदाराकडे त्याला काम लावून दिलं, संघाच्या खोलीत राहायला जागा दिली. कोल्हापूर म्हणजे फुटबॉलचं माहेरघर, त्यामुळे तिथला गडी म्हटल्यावर आमच्याकडे आधीच निम्मा विजय झाला होता. गावागावांत बातमी गेली. मुलगा अंगाने किरकोळ, बोलायला लाजाळू, पण सरावात असे गोल मारायचा की गोलकीपर जागचा हलत नसे.

सामन्यात मात्र त्याचं पाऊल पडेना. चेंडू घेऊन सुसाट जायचा, दोघांना सहज चुकवायचा आणि गोलासमोर गेला की काहीतरी व्हायचं. कधी चेंडू वरून जायचा, कधी पाय अडकायचा, एकदा तर मारायचंच राहून गेलं. पहिल्या सामन्याला लोक हळहळले, दुसऱ्याला चिडले, आणि त्यानंतर हसायला लागले. हसणं सगळ्यांत वाईट.

सामना संपला की शेखरच्या गॅरेजपुढे सगळे जमायचे आणि वाद सुरू व्हायचा.

"सरावात वाघ आणि मैदानात शेळी," एका संध्याकाळी शेखर म्हणाला. "पोलादपूरवाल्यांशी सेमीफायनल आहे. त्यात गोल नाही केला तर मी त्याला बसवणार. मग खोली पण दुसऱ्याला लागेल."

"शेखरभाऊ, उसको बॉल किधर मिलता है?" घोषदा तावातावाने उठले. "मिडफिल्ड झोपला आहे अपना. तुम्ही फक्त स्ट्रायकरला बोलता."

"गोलासमोर एकटा होता की परवा! अजून कसा बॉल द्यायचा, ताटात वाढून?"

कुणी म्हणालं बूट खराब, कुणी म्हणालं आमची हवा मानवली नाही, कुणी म्हणालं घरची आठवण. नाना एका टायरवर बसून प्रत्येकाकडे उत्सुकतेने बघत होते. वाद दमला तेव्हा त्यांनी विचारलं, "पण त्याला इचारलं का कोणी?"

शेखर हसला. "काय विचारायचं नाना? गोल का मारत नाहीस म्हणून?"

"हां. त्येच."

नाना सकाळी बिरवाडीत दूध घालायचे, त्यात सूरजची खोलीही होती. दुसऱ्या दिवशी रिकामी किटली घेऊन ते थेट माझ्या दुकानात आले आणि खुर्चीत बसले. मी चहा मागवला. नानांना इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.

"इचारलं रे त्याला," शेवटी म्हणाले. "आधी काय सांगंना. म्हटलं, बाबा, मला राग येत नाय, मला फकस्त समजून घेयाचं हाय. तवा बोलला."

सूरज त्यांना म्हणाला होता, "नाना, आमच्याकडं मॅचला लई दंगा असतोय, पण कुणाचं काय ऐकूच येत नाही. हितं तुमचा एकट्याचाच आवाज येतोय. मी पळायला लागलो की तुम्ही माझं नाव घेता. 'आता गोल होणार, होणार, होणार' म्हणता. तुम्ही आधीच गोल सांगून टाकल्यावर मी मारायचं काय उरलं ओ? पायच जड होतोय."

एवढं सांगून नाना माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, दुखावले असतील. चेहऱ्यावर थोडं तेही होतं. पण त्याहून जास्त नवल होतं.

"म्हंजे माझा आवाज त्याच्या पायात जातो रे!" ते म्हणाले. "मला वाटायचं, आपण बोललो का पोरांना जोर येतो. सगळ्यांना येतो, याला येत नाय. असं का असंल?"

त्यांनी किटली उचलली. जाताना दारात थांबून म्हणाले, "सेमीफायनलला माइक बंद ठेव. सेट बिघडला म्हणून सांग."

"नाना, माझ्या दुकानाचं नाव जाईल!"

"जाऊं दे एक दिवस. त्या पोराला घरी जावं लागलं तर? आईला सांगून आलाय, फुटबॉलवर नोकरी लागली म्हणून."

पोलादपूरच्या संघाशी सामना होता त्या दिवशी मैदान भरून गेलं होतं. वरंध, पाचाडकडची माणसंसुद्धा आली होती, आणि खरं सांगायचं तर त्यातली निम्मी नानांना ऐकायला आली होती. मी भोंगे लावले, वायरी जोडल्या आणि मग सगळ्यांदेखत ॲम्प्लिफायर उघडून त्यात उगाच डोकं घालून बसलो. "काय रे, आजच बिघडला?" म्हणत जो तो मला बोलून गेला. शेखर तर मारायलाच उठला होता. नाना आपले मैदानाकडे बघत होते.

खेळ सुरू झाला आणि मैदान कसंसंच वाटायला लागलं. लोक ओरडत होते, पण कुणीतरी कमी होतं. नाना दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. थोड्या वेळाने त्यांच्या तोंडून पुटपुट सुरू झाली. मी कान जवळ नेला, तर अख्खी कॉमेंट्री चालू होती! "मध्यरेषा ओलांडलेली आहे... सुंदर हुलकावणी..." इस्त्रीच्या भाषेत, पण माझ्या एकट्यासाठी.

सूरजला पहिली संधी मिळाली ती त्याने घालवली. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. लोक हसले. नानांनी डोळे मिटून घेतले. उत्तरार्धात पोलादपूरवाल्यांनी गोल केला, आणि शेखर राखीव खेळाडूला अंग गरम करायला सांगू लागला. तेवढ्यात डाव्या बाजूने लांब चेंडू आला. सूरज आणि त्यांचा बॅक बरोबरीने धावले, गोलकीपर पुढे आला, तिघांची धडक झाली, आणि त्या गर्दीतून चेंडू सूरजच्या गुडघ्याला लागून संथपणे आत गेला. देखणा म्हणावा असा तो गोल नव्हताच. पण गोल होता.

मैदान उसळलं. मी सवयीने माइक नानांपुढे धरला. त्यांनी तो घेतला, तोंडाजवळ नेला, बटणावर अंगठा ठेवला, आणि परत माझ्या हातात दिला. "आज नको," म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते आनंदाचं होतं की न बोलल्याचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तो सामना शेवटी आम्ही हरलो. पण शेखरने सूरजला बसवलं नाही. नानांच्या गप्प बसण्यानेच तो गोल झाला का, यावर गॅरेजपुढे कितीतरी संध्याकाळी गेल्या. शेखर म्हणायचा योगायोग. घोषदा म्हणायचे, खांबाला लागला तेव्हाच पोराची भीती गेली. नानांना दोन्ही पटायचं. पुढच्या स्पर्धेपासून त्यांनी माइक परत घेतला, पण एक बदल केला. होणार ते सांगायचं सोडलं, झालेलं तेवढंच सांगू लागले. "बघूं या काय होतं," मला म्हणाले. सूरजचे गोल होऊ लागले. चुकायचेही पुष्कळ. कोल्हापूरचा गडी बिरवाडीचा झाला, ठेकेदाराकडून निघून कारखान्यात कायम नोकरीला लागला, लग्न झालं.

गेल्या वर्षी थोड्या तापाचं निमित्त होऊन नाना गेले. निरोप मिळेपर्यंत अंत्यविधी उरकला होता. दहाव्याला शेखर, घोषदा, सूरज आणि मी वाडीवर गेलो. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणीच तिथे गेलं नव्हतं. रस्ता संपल्यावर चढ चालून जावं लागतं. त्या गुडघ्याने हा माणूस रोज दूध घेऊन उतरायचा, हे तेव्हा कळलं.

अंगणात वाडीतली माणसं बसली होती. बोलता बोलता घोषदा म्हणाले, "आता मैदान सुनासुना वाटतो. नानासारखं बोलणारा दुसरा नाही."

शेजारचे एक म्हातारे गृहस्थ त्यांच्याकडे बघत राहिले. "बोलणारा? आमचा नाना?" ते म्हणाले. "त्यो तर मुका माणूस. कामापुरतं बोलायचा."

आत दाराशी नानी बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला आणि हळूच पुढे सरकल्या.

"खरं हाय त्यांचं," त्या म्हणाल्या. "घरात दोन शब्द जादा नाय. दुपारचे खाली जायाचे, सांजचे खुशीत येयाचे. मी इचारलं का म्हणायचे, खेळ बघितला." मग त्यांनी मलाच विचारलं. "तितं बोलायचे का ते? लोकांच्या म्होरं?"

"माइकवर, नानी," मी म्हणालो. "सगळं गाव ऐकायचं."

"काय बोलायचे?"

शेखरने माझ्याकडे पाहिलं, मी घोषदांकडे. सूरज उठला आणि नानींच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसला. अंगणातले तीन खडे गोळा करून त्याने त्यांच्यापुढे मांडले.

"ह्यो आमचा गोल, नानी. ह्यो पोलादपूरवाल्यांचा. आणि हितं, कडंला, मंडपात नाना बसल्यात."

नानींनी त्या कडेच्या खड्याकडे निरखून पाहिलं आणि तो उचलून तळहातावर घेतला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता सांग."