साडूभाऊंची शीळ घालणारी गाडी

कुणावरही पूर्ण विश्वास टाकू नये असं पुष्कळ लोक नुसतं बोलतात. माझे साडूभाऊ ते रोज सकाळी उठल्यापासून पाळत आले आहेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान कुडव्याला राहतात. सगळी नोकरी राईस मिलच्या यंत्रांची दुरुस्ती करण्यात गेली, आता निवृत्त आहेत. दूधवाल्याचं दूध, भिंतीवरच्या घड्याळातली वेळ, टीव्हीवरचा पावसाचा अंदाज आणि माझं त्यांच्याकडे येणं, यांतलं काहीही त्यांनी कधी जसंच्या तसं स्वीकारलेलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मी फुलचूरहून स्कूटरने त्यांच्याकडे गेलो, तेव्हा चहा संपेपर्यंत ते गप्प होते. मग कप खाली ठेवून म्हणाले, "आता सांगा, कायले आले?" मी म्हटलं, सहजच. "सहज कोनी येत नाई जी," असं म्हणून मी निघेपर्यंत ते खरं कारण बाहेर पडायची वाट पाहत बसले.

अशा माणसाच्या वाट्याला गाडी आली तीही संशय घ्यावा अशीच. मिलमालकाच्या मुलाने हौसेने कुठूनशी आणलेली, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी, परदेशी बनावटीची जुनी स्पोर्ट्स गाडी. तिच्या इंजिनाला टर्बो होता. म्हणजे इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरणारा आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा एक पंखा. तो फिरायला लागला की बॉनेटखालून बारीक शीळ ऐकू यायची. मुलाची हौस लवकरच फिटली आणि गाडी कोंड्याच्या ढिगामागे धूळ खात पडली. साडूभाऊ निवृत्त झाले तेव्हा मालकाने ती त्यांना देऊन टाकली. दुसरा कोणी हरखून गेला असता. साडूभाऊ बरेच दिवस यात मालकाचा काय डाव असावा याचा विचार करत होते. डाव काही सापडला नाही, म्हणून तो फारच खोल असला पाहिजे असं ठरवून त्यांनी गाडी घरी आणली आणि अंगणात पत्र्याची शेड उभारली.

तेव्हापासून गावातल्या एकाही मेकॅनिकचा हात त्या गाडीला लागलेला नाही. "उघडते वेळी चार बोल्ट काढतीन, लावते वेळी तीन," हे त्यांचं समस्त मेकॅनिक मंडळींविषयीचं मत. पेट्रोल भरून आणलं की थोडं काचेच्या बाटलीत काढून ते उन्हात धरतात, हुंगतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगतात. ऑइलच्या डब्याचं सील भिंगातून तपासतात. वायरी उंदीर कुरतडतात की शेजारी, हे नक्की करण्यासाठी एकदा त्यांनी गाडीभोवती कोंड्याची राख पसरून ठेवली. सकाळी राखेत पावलं उमटलेली होती. ती त्यांचीच निघाली, पण हा निकालही त्यांना पुरता पटला नाही. आमच्या ताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, गाडीत बसायची परवानगी होती. दार मात्र ते स्वतः लावत. "तू आपटते," ते म्हणत. ताई म्हणत, "मी फ्रीजचंही दार आपटत नाई, पन यायले कोन सांगन."

त्यांचा खरा विश्वास होता तो एका गोष्टीवर, स्वतःच्या कानांवर. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग आत काय बिघडलंय ते डॉक्टरसारखं सांगायचं. मिलमध्येही म्हणे ते असंच करत, आणि त्यांचं निदान सहसा चुकत नसे.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी मी गेलो तर गाडीचं पुढचं सगळं सामान जुन्या साडीवर मांडलेलं. साडूभाऊ टर्बोचा पंखा बोटाने फिरवून बघत होते. काय झालं विचारलं तर दबक्या आवाजात म्हणाले, "आधी शीळ घालत होती. आता गप्प झाली. गप्प झाली म्हनजे काहीतरी लपवून राहिली." पंख्यात दोष नव्हता. त्यांनी ऑइल बदललं, मग ते नकली असेल म्हणून पुन्हा बदललं. सगळं जोडून इंजिन सुरू केलं, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला, आणि शीळ मला स्वच्छ ऐकू आली. मी तसं सांगितलं. साडूभाऊंनी इंजिन बंद करून मला विचारलं, "मागच्या रविवारी तुमी बॉनेटले हात लावला होता ना?" मी म्हटलं, तुम्हीच धरा म्हणालात. "तुमी त्याहीच्या बाजूचे दिसता," ते म्हणाले. कोणाच्या, असं मी विचारलं. "ते मले अजून समजलं नाई." मी जरा दुखावूनच घरी आलो. आपल्याला कुणीतरी फितूर समजावं, हे कुणाला आवडेल?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिरोड्याला ताईंच्या भाचीचा मंगल परिणय होता. माझी बायको शहाणी, ती आदल्या दिवशीच रेल्वेने गेली. मी साडूभाऊंच्या गाडीत मागे बसलो. म्हणजे गुडघे हनुवटीला लावून दुमडलो गेलो. पुढे ताई. गाव सुटलं, रस्ता मोकळा झाला आणि साडूभाऊंनी पाय दाबला तशी बॉनेटखालून फुसफुस ऐकू येऊ लागली. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तशी, पण पुष्कळ मोठी. पाय दाबला की फुसफुस, सोडला की बंद. ताई म्हणाल्या, "आवाज येऊन राहिला जी." साडूभाऊ समोर बघत राहिले. त्या पुन्हा मोठ्याने म्हणाल्या. "कोनता आवाज?" त्यांनी विचारलं. ताईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, थोडी भीती होती. थोडं पुढे जातो तोच फट्‌ झालं, मागे काळा धूर निघाला आणि गाडीचा सगळा जोरच गेला.

दोन्ही बाजूंना धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या होत्या. साडूभाऊंनी बॉनेट उघडलं, ताईंना अ‍ॅक्सिलरेटर दाबायला बसवलं आणि पेचकस कानाला लावून डोळे मिटले. आतून एवढा फुत्कार येत होता की बांधावरचा बगळा उडाला. साडूभाऊंनी पेचकसाची जागा बदलली. मग कान बदलला. मग डोळे उघडून नुसते उभे राहिले. त्यांचा चेहरा मला आजवर कधी असा दिसला नव्हता.

पण सवय जाते कुठे. त्यांनी मला दंडाला धरून बाभळीपर्यंत नेलं आणि विचारलं, "खरं सांगा. आवाज कोनत्या बाजूनं?" मी म्हटलं, उजवीकडून, खालून, जाड रबरी पाईप आहे तिथून. मला तिथेच उभं राहायला सांगून ते परत गेले. ताईंना गाडीतून उतरवून दुसऱ्या बाजूला नेलं आणि तोच प्रश्न केला. ताईंनी हात करून तीच जागा दाखवलेली मला लांबून दिसली. दोन साक्षी जुळल्यावर त्यांनी हात खाली घातला. पाईपची पट्टी ढिली होऊन पाईप निसटला होता. त्यांनी तो बसवला, पट्टी आवळली, हात पुसले आणि तिथेच दगडावर बसले.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं. ते पाईपबद्दल विचारत नव्हते.

"पोळ्यापासून असन," ताई म्हणाल्या. "मी किचनमधून आवाज देतो, तुमी पाहत नाई. आधी मले वाटलं, रागावले."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

ताई त्यांच्या जवळ गेल्या, वाकल्या आणि हळूच पण स्पष्ट म्हणाल्या, "सांगितलं जी. तुमाले आयकू नाई आलं."

लग्न लागल्यावर आम्ही पोचलो. जेवताना साडूभाऊ वरणात सोडा आहे असं एकदाही म्हणाले नाहीत, याची मला काळजी वाटली.

पुढे कानाचं मशीन आणलं. ते भांड्यांचा आवाज मोठा करतं आणि माणसांचा दाबतं, म्हणजे त्यात काहीतरी गडबड आहे, असा त्यांना दाट संशय आहे. त्यामुळे ते बहुतेक वेळ खिशातच असतं. माझ्यावरचाही संशय पूर्ण गेलेला नाही. अजूनही चहानंतर "कायले आले?" होतंच.

परवा गेलो तेव्हा दोघं नुकतेच फेरी मारून आले होते. टर्बोची गाडी धावून आली की इंजिन लगेच बंद करायचं नसतं, तसंच चालू ठेवून थोडं निवू द्यावं लागतं. शेडमध्ये गाडी हळू आवाजात चालू होती आणि आत दोघं बसले होते. मी फाटकाशीच थांबलो. साडूभाऊंचा हात किल्लीवर होता, पण ते समोरच्या मीटरच्या काट्यांकडे बघत नव्हते. ते ताईंच्या तोंडाकडे बघत होते. ताई डोळे मिटून इंजिन ऐकत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी मान हलवली, आणि साडूभाऊंनी काही न विचारता किल्ली फिरवली.