हवालदाराचा गुडघा

रात्री थंडी चांगलीच पडली होती आणि सकाळी कपाशीवर दव असं बसलं होतं की पानाला हात लावला तरी बाही ओली व्हावी. पण वेचणी करायची तर अशा वेळीच. ऊन चढलं की पानं कडक होतात, त्यांचा चुरा कापसात जातो आणि व्यापाऱ्याला नाक मुरडायला निमित्त मिळतं. म्हणून धरणगावच्या शिवारात बन्सीलाल आणि त्याची बायको शेवंताबाई उजाडताच ओळीत शिरले होते. दोघांची वाटणी ठरलेली होती. वरची बोंडं शेवंताबाईंची, खालची बन्सीलालची. खालची बोंडं वेचायला तो रंगाची रिकामी बादली उपडी घालून तिच्यावर बसायचा आणि झाड संपलं की ती पुढे सरकवायचा.

बन्सीलाल फौजेतून हवालदार होऊन परत आला होता. मिशा, ताठ मान आणि धोतर नेसायचं नाही हा हट्ट, एवढं त्याने सोबत आणलं. आणखी एक गोष्ट आणली होती, ती म्हणजे उजवा गुडघा. बर्फातल्या चौकीवर रेशन चढवताना तो घसरला, खाली खडकावर आपटला आणि त्याच्याच पलटणीतल्या शिरपूरच्या हिलालने त्याला पाठुंगळी घेऊन खाली आणलं. तेव्हापासून तो गुडघा अर्धाच वाकायचा. पण कोणी विचारलं की बन्सीलालचं एकच उत्तर असायचं, “बठ्ठं ठीक शे,” म्हणजे सगळं ठीक आहे.

नेमकं हेच त्याला नडलं. निवृत्तीच्या वेळी डॉक्टरांच्या बोर्डासमोर जायचं होतं. बन्सीलालने आदल्या दिवशी बूट चमकवले, पँटीला कडक इस्त्री मारली, टाचा वाजवत आत गेला आणि असा सॅल्यूट ठोकला की टेबलावरचे पेन हलले. काही त्रास? नाही साब. चालता येतं? येतं साब. बोर्डाने त्याचा शब्द मानला. इजा किरकोळ, तीही नोकरीमुळे झाली असं म्हणता येत नाही, असा निकाल लागला. नोकरीचं पेन्शन चालू झालं, गुडघ्याचं तेवढं बुडालं.

पैशाचं त्याने मनाला लावून घेतलं नाही. पण गावात पारावर कोणीतरी बोललं की हवालदार मोटारसायकलवरून पडला असेल, तो आता नाव फौजेचं घेतो. ते बोलणं त्याच्या जिव्हारी लागलं. गुडघा फौजेत गेला हे फौजेनेच मानलं पाहिजे, यासाठी त्याने अपील करायचं ठरवलं आणि आपल्या बाजूने बोलणारं माणूस शोधायला निघाला.

पहिला भेटला धुळ्याचा एजंट. त्याने ऑफिसातच त्याच्या हातात काठी दिली आणि कसं लंगडायचं, कुठे कण्हायचं, याची तालीम सुरू केली. बन्सीलालने काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि सोंग आणायचं असतं तर तमाशात गेलो असतो, फौजेत नाही, असं सांगून तो ताठ चालत बाहेर पडला. त्या ताठ चालण्यापायी रात्री शेवंताबाईंना त्याचा गुडघा शेकत बसावं लागलं. दुसरा जळगावचा वकील. त्याने स्वतः जिंकलेल्या खटल्यांच्या गोष्टी चहा निवेपर्यंत सांगितल्या. गुडघा उजवा की डावा, एवढंही विचारलं नाही.

मग दिवाळीनंतर तो गादी भरून घ्यायला अन्वर पिंजाऱ्याकडे गेला. घरचा कापूस नेऊन गादी भरून घ्यायची ही त्यांच्याकडची जुनीच रीत. कापसाच्या ढिगावर टेकलेला हवालदार उठताना पिंजायच्या मशीनचा खांब धरतो, हे अन्वरने पाहिलं. “भाऊ, आमची पोर नाजमीन वकील झाली ना, तिला एकदा दाखव,” तो म्हणाला. “तिच्यापुढे माझंही काही लपत नाही.”

नाजमीनने त्याला ऑफिसात बोलावलंच नाही. ती सकाळी थेट शेतात आली, ओढणी कमरेला खोचली आणि शेवंताबाईंबरोबर कापूस वेचायला लागली. बन्सीलालने तिला आल्या आल्या सांगून टाकलं, बठ्ठं ठीक शे.

शेवंताबाई झाडाआडून म्हणाल्या, “ठीक शे तं बादली काबरं लागस?”

नाजमीन हसली नाही. बादली, बसणं, उठताना कपाशीच्या खोडाला धरणं, सगळं तिने मोबाईलमध्ये टिपून घेतलं. मग म्हणाली, “नाना, तुमच्या विरोधात सगळ्यात पक्का साक्षीदार तुम्हीच आहात. आपल्याला आधी त्याला गप्प करायचंय.”

तिने शिरपूरला जाऊन हिलालची साक्ष लिहून आणली. सुनावणीच्या वेळी आपल्याला आत बसू द्यावं, अशी परवानगी अर्जावर अर्ज करून मिळवली. बन्सीलालला एकच अट घातली. खोटा शब्द बोलायचा नाही. पण साहेबांनी हुकूम दिला तर तो पाळायचा. त्यात सांगायचं काय, हुकूम पाळण्यातच जन्म गेला, असं तो जरा रागानेच म्हणाला.

सुनावणीला तो पुन्हा तसाच गेला. चमकते बूट, कडक सॅल्यूट. साहेबांनी विचारलं आणि सवयीने त्याचं तोंड उघडलं, “सब ठीक है, साब.” उघड्या दाराबाहेर बाकावर बसलेल्या शेवंताबाईंनी कपाळाला हात लावला.

नाजमीन उठली. “साहेब, हे तक्रार करणार नाहीत. पण हुकूम मोडणार नाहीत. यांना उकिडवं बसायला सांगा.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “हवालदार बन्सीलाल, नीचे बैठ.”

बन्सीलाल बसायला वाकला. गुडघा वाकेना. त्याने दात आवळले, पुन्हा जोर केला, कपाळावर घाम आला, तोल गेला आणि हात टेबलाच्या कडेला गेला. हुकूम मिळाला होता आणि तो पाळला जात नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा.

“नहीं होता, साब,” तो म्हणाला. “चौकी पे गिरने के बाद कभी हुआ ही नहीं.”

साहेब स्वतः उठून आले आणि त्याला धरून खुर्चीत बसवलं. मग हिलालची साक्ष पुढे ओढली.

वेचणी संपत आली होती तेव्हा निकाल लागला. नाजमीनचा फोन आला. गुडघा फौजेच्या कामात गेला, असं मानलं होतं. बन्सीलालने तिच्याकडून ते वाक्य दोनदा वदवून घेतलं आणि तिसऱ्यांदा फोनचा आवाज मोठा केला, बांधापलीकडच्या माणसांनाही ऐकू जावं असा. नाजमीनने फीचा विषय काढला नाही, तेव्हा त्यानेच काढला. वर अन्वरच्या घरी नव्या गादीपुरता कापूस पोचवायचं कबूल केलं. पिंजाऱ्याला त्याच्याच गादीसाठी कापूस देणारा हवालदार पहिलाच, असं म्हणून ती खूप हसली.

दव अजून पुरतं उडालं नव्हतं. राहिलेली ओळ ऊन चढायच्या आत काढायची होती. शेवंताबाईंनी कापसाची ओटी कमरेला घट्ट बांधली आणि रोजच्यासारखं विचारलं, “गुडघा कसा शे?”

बन्सीलाल “बठ्ठं” एवढं म्हणाला आणि थांबला.

“आज दुखी राह्यना,” दुखतोय हे त्याने कबूल केलं.

शेवंताबाईंनी बादली उचलली, पुढच्या झाडाखाली नेऊन उपडी घातली. तो तिच्यावर टेकला आणि खालची बोंडं वेचायला लागला.