पाच बोटांची पानं

सासूबाई आमच्याकडे आल्या तेव्हा आम्ही अबुधाबीजवळ खलिफा सिटीत एका व्हिलाच्या मागच्या भागात राहत होतो. घरमालकाने मधे भिंत घालून एका व्हिलाची दोन घरं केली होती. पुढे लखनौकडचं एक कुटुंब, मागे आम्ही. फाटक एकच, अंगणही एकच. अंगण म्हणजे वाळू, पाण्याची टाकी आणि एसीच्या गळत्या पाण्याने कायम ओली राहणारी भिंतीकडेची पट्टी.

सासरे गेल्यावर नवऱ्याने लातूरकडचं घर बंद केलं आणि आईला इकडे आणलं. तो एकुलता. आई आता इथेच राहील, असं त्याने ठरवून टाकलं होतं. आईने तसं काही ठरवलं नव्हतं. त्या तक्रार करत नसत, फक्त जेवत नसत. भाकरीचा तुकडा मोडायच्या, भाजीत बुडवायच्या आणि तसाच ताटाच्या कडेला ठेवायच्या. इथल्या भाज्यांना वास नाही, म्हणायच्या. मी एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर काम करत होते, तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, सवय होईल. सवय होत नव्हती, ब्लाउज सैल होत होते.

त्यांनी सामानातून अंबाडीचं बी आणलं होतं. ऑगस्ट संपता संपता एका संध्याकाळी त्या ओल्या पट्टीत त्यांनी ते टोचलं. मी शेणखताची पिशवी आणून दिली आणि विसरून गेले. त्या उन्हात कोथिंबीरसुद्धा जळते. पण अंबाडी मात्र बघता बघता गुडघ्याला लागली. पहिल्या खुड्याची भाजी त्यांनी स्वतः केली. पानं उकडून, पाणी पिळून, ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. त्या दिवशी त्या दोन भाकरी जेवल्या. नवरा त्यांच्यासमोर बसून मॅच बघावी तसा त्यांचं जेवण बघत होता. मला वाटलं, चला, एक काम मार्गी लागलं.

अंबाडीची खालची पानं अखंड असतात. झाड वाढलं की वरची पानं फाटतात, आधी तीन बोटांची, मग पाच बोटांची, कडांना दाते असलेली. आमच्याकडे हे कुणी मुद्दाम बघत नाही. पण आमची मुलगी एक दिवस शाळेतून आली, बूट न काढता भिंतीपाशी गेली आणि तिथूनच म्हणाली, "आई, व्हाय आर वी ग्रोइंग दिस?" शाळेच्या कॉरिडॉरमध्ये अमली पदार्थांचं पोस्टर लागलं होतं. त्यावर हेच पान होतं.

मी जाऊन बघितलं. गांजा मी कधी पाहिला नव्हता, पण त्याचं चित्र कुणी पाहिलेलं नसतं? भिंतीला लागून सबंध रांग उभी होती, माझ्या खांद्याएवढी.

दोन दिवसांत पुढचे शेजारी बायकोला घेऊन विचारायला आले. एअरपोर्टवर कार्गोत होते, सभ्य माणूस. ते मला भाभीजी म्हणत, सासूबाईंना माताजी. बराच वेळ हवापाण्याचं बोलून मग त्यांनी हळूच विचारलं, की माताजींनी हे काय लावलंय. सासूबाईंना हिंदी जेमतेम कळायचं, पण बोटाचा रोख कळला. त्यांनी एक कोवळं पान तोडलं, अर्धं स्वतः खाल्लं, अर्धं त्यांच्यापुढे धरलं. शेजाऱ्यांनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "खा लीजिए, ज़्यादा से ज़्यादा होली हो जाएगी." त्यांनी चावलं. अंबाडी आंबट असते, इतकी की एक डोळा मिटतो. त्यांचाही मिटला.

"खट्टा है," ते म्हणाले. "मैं मान गया. लेकिन भाभीजी, पुलिस चखकर नहीं देखेगी."

त्यांचं बरोबर होतं. फाटक एक, अंगण एक. आमच्या भिंतीला काही सापडलं असतं तर तेही आमच्याबरोबर गाडीत बसले असते. पुढे सगळं अगदी सिद्ध झालं असतं, पान कसलं ते लॅबने सांगितलं असतं. पण तोवर नोकरी, व्हिसा, मुलीची शाळा यांतलं काय राहिलं असतं, ते सांगता येत नव्हतं.

नवरा म्हणाला, उपटून टाकू. मग आईकडे पाहून म्हणाला, नको. तोडगा मी काढला. अंबाडीला भेंडीसारखं पिवळं फूल येतं. फुलं आली की कुणी संशय घेणार नाही. तोवर बोटांची पानं काढायची, अखंड ठेवायची. सगळ्यांना पटलं. अर्थात काढायची मी, कारण सासूबाईंना वरचे शेंडे दिसत नव्हते आणि नवरा सहाला निघायचा.

रोज सकाळी डबे भरायच्या आधी मी भिंतीपाशी उभी राहायचे. देठांना बारीक काटे असतात, दिसत नाहीत, दिवसभर बोटांत सलतात. क्लिनिकमध्ये टाइप करताना कळायचं. तोडलेली पानं कचऱ्यात टाकायची सोय नव्हती. झाडावरच्या पानापेक्षा पिशवीतलं पान जास्त वाईट दिसलं असतं. म्हणून ती सगळी उकडायची. उकडलं की बोटं राहत नाहीत, नुसता हिरवा गोळा. तो गोळा भाजीत, वरणात, थालीपिठात. मुलगी म्हणाली की तिच्या घामालाही आता आंबट वास येतो. सासूबाई मात्र जेवत होत्या.

पण हिशेब चुकला होता. शेंडा खुडला की अंबाडी बाजूने फुटते, एकाच्या जागी चार फांद्या. आम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही. भाजी जास्त यावी म्हणून तर गावाकडे शेंडे खुडतात. मी खुडत होते आणि झाडं रुंद होत होती. नवीन फुटीवर सगळी बोटांचीच पानं. फुलाचा पत्ता नव्हता. मी आणखी लवकर उठायला लागले. सासूबाई दारात स्टुलावर बसून फाटकाकडे लक्ष ठेवायच्या. कुणी येतंय असं वाटलं की खोकायच्या. त्यांना खोकायला कुणी सांगितलं नव्हतं.

एका शुक्रवारी नमाजानंतर घरमालक आला. आम्ही त्याला अरबाब, म्हणजे मालक, म्हणायचो, सगळेच म्हणायचे. टाकीचा पाइप गळतो म्हणून नवऱ्यानेच फोन केला होता, आणि तो इतक्या लगेच येईल असं वाटलं नव्हतं. टाकी आणि अंबाडी यांच्यात चार पावलं. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत सासूबाई भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. पदर दोन्ही हातांनी पसरून धरलेला, वाळत घातल्यासारखा. अरबाबने पाइप पाहिला, माणूस पाठवतो म्हणाला, इन्शाल्ला. मग त्यांच्याकडे वळून छातीवर हात ठेवला आणि नवऱ्याला विचारलं, मदर? ऊन आहे, आत जाऊ द्या त्यांना. त्या हलल्या नाहीत. तो गाडीत बसला, गाडी वळली, आवाज गेला, तरी नाही. नवऱ्याने हाताला धरून त्यांना आत आणलं.

पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "माझं तिकीट काढ."

नवरा म्हणाला, "उपटून टाकू ना आई. त्यात काय?"

"उपट की. मग खाऊ काय?"

"मिळेल काहीतरी. दुबईला जाऊन आणू, तिथे बर दुबईच्या बाजारात आपल्याकडचं सगळं मिळतं."

"लेकरा, भाजीपुढं जीव मुठीत धरून उभं राहायचं, हे काय राहणं झालं का? तिथं माझी मी राहीन. चुलतजाऊ आहे बाजूला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी राहा म्हणावं, अशी त्याची अपेक्षा होती. मी म्हणाले नाही. राहा म्हणायचं तर पुढे काय करायचं तेही सांगावं लागलं असतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं.

संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून सगळी रांग उपटली. सासूबाईंनी पानं ओरबाडली, मी उकडली, नवऱ्याने काठ्यांचे कात्रीने तुकडे केले. भाजीचा डबा शेजाऱ्यांकडेही दिला. त्यांनी घेतला.

पुढच्या आठवड्यात तिकीट मिळालं. त्यांची बॅग मी भरली. एअरपोर्टवरून परतताना नवरा म्हणाला, हिवाळ्यात पुन्हा बोलावू. मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपाशी जायचं काम नव्हतं. मी डबे भरायच्या वेळेपर्यंत झोपले.