साच्याला चिकटलेली गाडी

"भाईसाब, अश्रफभाई खलास हो गये." सोहारहून त्यांच्या खोलीतल्या जोडीदाराचा फोन आला तेव्हा मी लॅबमधलं कपाट आवरत होतो. खलास हा शब्द इथे ओमानमध्ये आम्ही दिवसातून पन्नास वेळा वापरतो. पेट्रोल संपलं, खलास. दुकान बंद झालं, खलास. माणसासाठी तो मी पहिल्यांदाच ऐकला आणि मूर्खासारखं विचारलं, "खलास मतलब?" सकाळच्या चहाला उठले नाहीत, हलवून पाहिलं तर अंग गार... एवढंच त्याला सांगता आलं. कागदपत्रांना तीन दिवस लागले. रत्नागिरीहून घरच्यांनी कळवलं, तिकडेच माती द्या. मीही मूठभर माती टाकली. इथल्या कबरींवर नाव नसतं, डोक्याशी आणि पायाशी एकेक दगड, बस्स. परवा, दीड महिन्याने पुन्हा गेलो तर शेजारी नव्या कबरी झालेल्या. त्यातली अश्रफभाईंची कुठली, ते मला सांगता येईना. तासभर उन्हात हिंडलो आणि बाहेर पडलो.

अश्रफ होडेकर. रत्नागिरीच्या खाडीकाठचं गाव, बाप लाकडी होड्या बांधायचा. होड्या लाकडाच्या जाऊन फायबरच्या झाल्या तेव्हा मुलगा फायबर शिकला आणि ती विद्या घेऊन ओमानला आला. सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी पाण्याच्या टाक्या केल्या. मी मस्कतजवळच्या अल खौदला, युनिव्हर्सिटीत लॅब टेक्निशियन. आमच्या गच्चीवरच्या टाकीला तडा गेला तेव्हा कंपनीने यांना पाठवलं. मी खाली उभा राहून नुसत्या सूचना देतोय हे पाहून वरून ओरडले, "गाव कुठला तुझा?" म्हटलं चिपळूण. "मग खाली काय उभा ऱ्हायलास सायबासारखा? वर ये, बादली धर!" त्या दिवसापासून मी त्यांचा प्रोफेसर. नळ्या धुणारा माणूस मी, कसला प्रोफेसर! पण त्यांना कोण सांगणार.

गाडीचं वेड लागलं ते एका शुक्रवारी, मस्कतला. हौशी लोकांनी जुन्या गाड्या मैदानात मांडल्या होत्या. त्यांत एका म्हाताऱ्या इंग्रजाची बिनटपाची, लालभडक, बुटकी गाडी होती. खालून जुनी मिनी, म्हणजे इंजिन, चाकं, स्टिअरिंग सगळं त्या छोट्या गाडीचं, पण तिचं गंजलेलं लोखंडी अंग काढून वर फायबरचं नवं अंग चढवलेलं. असे तयार संच विलायतेत मिळतात, लोक घरच्या घरी गाडी जोडतात, असं तो सांगत होता. अश्रफभाईंचं लक्षच नव्हतं. त्यांनी बॉनेटवर बोटाच्या पेरांनी टकटक केलं, कान लावला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, ही तर टाकी हाय!"

परतीच्या वाटेवर माणूस गप्प बसेना. गाडी म्हणजे मोठ्या कारखान्यातली, शंभर टनी प्रेसमधून निघणारी वस्तू, आपण फक्त ती विकत घ्यायची, असं मी समजत आलो होतो. तुम्हीही तेच समजत असाल. अश्रफभाईंच्या दृष्टीने ती आता कापड आणि रेझिन झाली होती. काचेच्या धाग्यांची मॅट कापायची, साच्यात बसवायची, ते घट्ट व्हावं म्हणून हार्डनर घातलेलं रेझिन तिला ब्रशने पाजायचं... हे तर ते रोजच करत होते. "वीस वर्षं गोल टाक्या काढल्या रे. कोणाच्या गच्चीवर गेल्या, कोण पाणी प्याला, काय ठाव नाय. एक तरी वस्तू अशी करीन की माणूस वळून बघंल." रस्त्यावर चालवायचा परवाना अशा घरगुती गाडीला मिळणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्याचं त्यांना काही नव्हतं. अंग हलकं, सामानासोबत गावी नेता येईल, आणि वाडीपासून जेटीपर्यंत बायकोला, सकिनाभाभींना, शेजारी बसवून एकदा जायचं, एवढाच बेत. "मग मोडली तरी चालंल," म्हणायचे.

त्या इंग्रजानेच कायमचं मायदेशी जाताना दुसऱ्या एका मिनीचा सांगाडा यांना देऊन टाकला. अर्बाबने, म्हणजे कारखान्याच्या मालकाने, शेडच्या मागची जागा दिली, अट एकच, काम फक्त जुम्म्याला. दीड वर्षं मी एक शुक्रवार सोडून एक सोहारला जात होतो. बायको म्हणायची, तिथे दुसरं घर केलंय का? आधी लाकूड, थर्मोकोल आणि पुट्टीचा गाडीचा पूर्ण आकार झाला. तो घासण्यातच आठ महिने गेले. डोळे मिटून तळहात फिरवायचे आणि म्हणायचे, "हितं अजून पोट हाय." मला तो फुगवटा काही म्हणजे काही लागायचा नाही. मग त्या आकारावरून साचा काढला, आणि एका शुक्रवारी त्या साच्यात खरं अंग घडवायचं ठरलं.

नवा साचा तहानलेला असतो. त्याला मेणाचे सात हात द्यावे लागतात. प्रत्येक हात लावायचा, वाळू द्यायचा, पुसून चकाकवायचा, तासभर थांबायचं, मग पुढचा. हे नीट झालं नाही तर आतला माल साच्याला धरतो आणि मग काही केल्या सुटत नाही. तीन हात आम्ही दोघांनी दिले. नमाजाची वेळ झाली तशी अश्रफभाई निघाले. "उरलेले चार तू दे. घाई नको. दर हाताला खांबावर खडूची एक रेघ मार."

मी मुळात घायकुता माणूस. त्यात संध्याकाळी आमच्या मंडळाच्या गणपतीची मीटिंग आणि मी चिटणीस! मी दोन हात दिले, तेही तास न थांबता, आणि खांबावर चार रेघा मारल्या. इतकी वर्षं टाक्यांना मेण लावणारा माणूस उगाच सोवळं पाळतोय असं मला वाटलं होतं. ते जेवून, झोप काढून चार वाजता आले. साचा आरशासारखा चमकत होता.

"सात झाले?"

"झाले."

आणि कापड-रेझिनचं काम त्यांच्यावर सोडून मी मीटिंगला गेलो. मोदक उकडीचे की तळणीचे यावर तिथे दीड तास वाद झाला. मी तळणीच्या बाजूने फार तावातावाने बोललो.

दुसऱ्या शुक्रवारी अंग निघेना. लाकडी पाचरी मारल्या, फटीतून पाणी सोडलं, चौघांनी उचलून आपटलं... ढिम्म. शेवटी अश्रफभाईंनी रबरी हातोडा उचलला. दोन घाव, आणि साचा नि अंग दोन्हींना एकच तडा गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते खाली बसले. बराच वेळ तड्यात बोट घालून बघत राहिले, मग म्हणाले, "हार्डनर जास्त पडला माझ्याकडनं. माल तापला." थोड्या वेळाने मान वर न करता विचारलं, "सात झाले होते ना रे?"

तेव्हा सांगायला हवं होतं. चार शब्द. शिव्या खाल्ल्या असत्या, फार तर त्यांनी हाकलून दिलं असतं, आणि पुढच्या महिन्यात नवा साचा सुरू झाला असता. "झाले होते," मी म्हटलं. त्यांनी पुन्हा कधीही विचारलं नाही.

त्यानंतर त्यांनी ब्रश हातात घेतला नाही. अर्बाबला सांगून टाक्या ट्रकवर चढवण्याच्या कामावर बदली मागून घेतली. मी म्हणायचो, पुन्हा करू या अश्रफभाई, मी येतो, सगळं मेण मी लावतो. काय निर्लज्ज माणूस मी! ते हसायचे. "नको प्रोफेसर. आता अंदाज चुकतो. माझा मलाच भरवसा नाय." दोन वर्षं दर भेटीत मी मनाशी ठरवून जायचो की आज सांगायचंच. चहा व्हायचा, गावाकडच्या गप्पा व्हायच्या, आणि मी तसाच गाडी काढून परत यायचो. ते साठीला टेकले होते, मला वाटायचं अजून वेळ आहे.

परवा कबरस्तानातून कारखान्यात गेलो. गाडी अजून शेडच्या मागे आहे, साच्यासकट, आत वाळू भरलेली. फोरमन म्हणाला, जाळावी तर काळा धूर होतो, तोडावी तर करवतीचे दात जातात, म्हणून पडली आहे. बाहेर साचा, आत अंग, दोन्ही एक झालेलं. मी बॉनेटच्या जागी तळहात फिरवला. डोळे मिटून. खरंच, कुठे पोट नव्हतं.

तिथूनच सकिनाभाभींना फोन लावला. बॅग पाठवायची होती, हे निमित्त. त्या शांतपणे बोलत होत्या. म्हणाल्या, "कपडे तिकडेच कोणाला देऊन टाका, सुधीरभाई." मग आपणहून गाडीचा विषय काढला. "मी फोनवर किती समजावायची त्यांना, की तुमचा काय चुकला नसंल, दुसऱ्या कोणाचा चुकला असंल. तर मलाच रागवायचे. बोलायचे, तिथं दोघंच होतो. मेण सुधीरनं लावला, तो सात बोलला म्हणजे सातच. मग उरला कोण? मीच ना?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं... तीन आणि दोन पाच, चार रेघा, मीटिंग, मोदकसुद्धा. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी गॅस बंद केला. मला वाटलं भाभींनी फोन ठेवला. मी दोनदा हॅलो म्हटलं.

"हां, ऐकते मी," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पण आता हे मी कोणाला सांगू, सुधीरभाई?"