शीटवरचा बाण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. बनशंकरीहून होसकोटेला जाताना कंपनीच्या बसमध्ये कितीदा मनात जुळवलं असेल — आणि गेट आलं की गप्प उतरलो.

आमच्या लॅबमध्ये मऊ वस्तू मशीनवर ताणून तपासतात. कृत्रिम पायाच्या आत घालायचं रबरी अस्तर, तसलं काही. त्याची चौकोनी शीट चारी बाजूंनी सारखीच दिसते — पण एका दिशेने सहज ताणली जाते, दुसऱ्या दिशेने नाही. दिशेचा बाण वर चिकटवलेल्या प्लास्टिकवर छापलेला असतो. ते प्लास्टिक सोलण्याआधी बाण शीटवर उतरवून घ्यायचा, एवढाच नियम. ते काम माझं. बाण बघून पट्ट्या कापायचं काम रत्नाक्काचं. कंत्राटावरची बाई, माझ्याहून वयाने मोठी, तरी मला अण्णा म्हणायची.

एके दिवशी घाईत मी प्लास्टिक आधी सोललं — सगळ्याच शीटचं. चूक सांगून नव्या शीट मागवायच्या? वीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस मी. बाण अंदाजाने काढले.

रत्नाक्काने एक शीट दोन्ही हातांनी ओढून पाहिली. “अण्णा, हे उलटं वाटतंय. स्वल्प, जरा बघा ना.”

तिच्या हातांना कळलं होतं. तेव्हाही दुरुस्त करता आलं असतं, नाही का? मी म्हणालो, “मशीन तुम्ही चालवता की मी?” सगळे हसले. तीही हसली.

ग्राहकाच्या आकड्यांशी आमचे आकडे जुळेनात. रिपोर्ट परत आला. मॅनेजरनी विचारलं तेव्हा ती समोरच उभी होती.

मी म्हणालो, “कापताना शीट फिरवली गेली असेल.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे. महिनाअखेरीस तिला कामावरून काढलं. “सरी अण्णा,” — म्हणजे बरं — “येते,” एवढंच म्हणाली.

तिथेच थांबलो असतो तर — पण थांबलो नाही. आता नव्या मुलांना बाणाचा नियम मीच शिकवतो. उदाहरण द्यावं लागतं. दरवेळी सांगतो — एक रत्नाक्का होती, तिने शीट फिरवली, सगळा रिपोर्ट वाया गेला. गेल्या आठवड्यातही सांगितलं. एका मुलीने ते नाव वहीत लिहून घेतलं.

मी बघत होतो. ते खोडून टाक, असं म्हणालो नाही.