चारच्या आधी नमस्कार नाही

गुळवेमामा दुपारी चारच्या आधी कुणालाही हात जोडत नसत. कारखान्यात पूजा असो, मालकांचे वडील आलेले असोत, मामा दोन्ही हात अंगापासून लांब धरून नुसती मान लववायचे. नवख्या माणसाला तो उद्धटपणा वाटायचा. कारण साधं होतं. त्यांच्या उजव्या मनगटावर मंजूर झालेल्या सेंटचा नमुना असायचा आणि डाव्यावर नव्या बॅचचा. हात जोडले की दोन्ही वास एक व्हायचे आणि दिवस फुकट जायचा.

सणसवाडीत आमचा परफ्यूमचा छोटा कारखाना आहे. मी तिथं प्रॉडक्शन बघतो. आमचा सगळ्यात जास्त खपणारा माल म्हणजे पुरुषांसाठीचा एक अंबर. राळ, ऊद आणि व्हॅनिलाचा उबदार, गोडसर वास. मामा मूळचे दौंडकडचे, गुऱ्हाळावर गूळ शिजवणारे, म्हणून गुळवे. खरं आडनाव पगारपत्रकाबाहेर कुणी वापरलं नाही. लागले होते हमाल म्हणून. एकदा ड्रम उतरवताना "ह्यो मागच्यापेक्षा कच्चा हाय" असं सहज बोलून गेले आणि ते खरं निघालं. मालकांनी त्यांना बॅच पारखायला बसवलं.

सकाळी आठला ते दोन्ही मनगटांना थेंब लावत. मग कांदा नाही, तंबाखू नाही, हातावर पाणी नाही. "सकाळी समदीच गोड बोलत्यात," म्हणायचे. "चारला कोण ऱ्हातंय त्ये बघायचं." आमच्या अंबरचं त्यांनी केलेलं वर्णन मी कुठल्याही कॅटलॉगमध्ये वाचलेलं नाही. "आधी संत्र्याची साल. जेवणाच्या टायमाला उकळता रस. चारला काकवी. आन् झोपताना नव्या घोंगडीत शिरल्यावानी." बाटलीवर 'फॉर मेन' लिहिलेलं त्यांना फार गमतीचं वाटायचं. "बाईनं लावला तर दाढी येती का वो, साहेब?" मग स्वतःच म्हणायचे, "लावनारा बाप्या असला तरी वास घेनारी बाईच असती. आमची ही शिक्रापूरच्या खोलीवर दारातच हात हुंगून सांगती, आज पास का नापास."

दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला. आठवड्यानं कामावर आले आणि मला ड्रमच्या मागं घेऊन गेले. "साहेब, नाक गेलं. भाकरी करपली तरी कळंना. डॉक्टर म्हनतोय, येईल म्हैन्या-दोन म्हैन्यांत. मालकांनी मला नाकावर तर ठेवलंय."

मी म्हणालो, "येईल, मामा. तोवर मी आहे."

मला खरोखरच त्यांची दया आली होती. तेव्हापासून चारला ते माझ्या टेबलाशी यायचे, दोन्ही मनगटं पुढं करायचे, मी वास घेऊन हळूच सांगायचो, आणि मग मामा सगळ्यांसमोर निकाल द्यायचे. तीन महिने असं चाललं. कुणाला संशय आला नाही. नाकही आलं नाही.

मग तो दिवस आला. राळ पातळ करायची टाकी कोमट ठेवावी लागते. मी फोनवर बोलत बसलो आणि तापमान चढलं. मला कळलं तेव्हा तळ लागला होता. मला प्लांट मॅनेजर करायचं त्याच महिन्यात घाटत होतं. मी टाकी थंड केली, पुढचं मिसळलं आणि गप्प राहिलो. दुसऱ्या सकाळी मामांनी त्याचा थेंब लावला, तेव्हा संत्र्याच्या वासाखाली काही कळत नव्हतं.

चारला मामांनी डावं मनगट पुढं केलं. गोडव्याच्या खाली करपट वास स्पष्ट होता.

"कसा हाय?"

"चांगला आहे," मी म्हणालो.

मामा वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "पास! अक्षी काकवी उतरलीय."

दुसऱ्या दिवशी दुपारपासून बाटल्या भरायच्या होत्या. सकाळी मामा नेहमीपेक्षा लवकर आले, माझ्या टेबलाशी रेंगाळले. "साहेब, कालचा परत एकदा बघू का?"

"कशाला मामा? पास झालाय ना."

"व्हय," ते म्हणाले. "झालाय खरं."

महिन्याभरात सगळा माल परत आला. मालकांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. बाटली उघडली आणि विचारलं, "हा पास कुणी केला?" मी बोलायच्या आत मामा पुढं झाले. "म्या केला. नाक चुकलं, मालक. वय झालं आता." सकाळचे अकरा वाजले होते. मनगटांवर थेंब असताना मामांनी दोन्ही हात जोडले. मी त्या जोडलेल्या हातांकडे नुसता बघत राहिलो. ते गावी गेले. मी प्लांट मॅनेजर झालो. मनगटांवर नमुने आता मीच लावतो.

यंदा ऊस सुरू झाल्यावर एका सोमवारी सुट्टी काढून दौंडकडे गेलो. मामा परत गुऱ्हाळावर होते, उकळत्या रसाच्या मोठ्या काहिलीपाशी, आणि शेजारी मामी. "रंग डोळ्यांला दिसतोय, तार बोटाला कळती," मामी म्हणाल्या. "करपल्याचं तेवढं मी सांगते. त्यांचं नाक मीच की आता." मग चहा देताना आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या दिशीबी म्याच सांगितलं हुतं. खोलीवर आल्या आल्या. म्हनलं, डाव्या हाताला जळक्या काहिलीचा वास येतोय. ह्ये जेवलेच न्हाईत. म्हनले, साहेबांना ठावं असंल. सकाळी सांगत्याल त्ये."

चहा हातातच राहिला. बाटल्या भरायच्या आधीची ती सकाळ मामांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली होती.

मी उठून काहिलीपाशी गेलो. "मामा, मला तुमच्याशी..."

"थांबा, साहेब. हिकडं या. वास घ्या. लागली का काहील?"

मी मामींकडे पाहिलं. त्यांनी पदर नाकाला लावला होता. त्या बोलणार नव्हत्या. गुऱ्हाळाचा मालक दोन पावलांवर उभा होता. खरं बोललो असतो तर चूक मामांच्या माथी आली असती, गप्प राहिलो असतो तर गूळ गेला असता. वाफेतून गोड वास येत होता आणि त्याच्या खाली बारीकसा करपट.

"लागतेय, मामा," मी मोठ्यानं म्हणालो.

"उतरवा रं!" मामा ओरडले. चौघं धावले. काहील उतरली. गुऱ्हाळाचा मालक काहीतरी पुटपुटत गेला. मामांनी कपाळाचा घाम पुसला. "थोडक्यात वाचली. बघा साहेब, एवढंच म्हनायचं असतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात मालकांच्या केबिनमध्ये गेलो. टाकी, फोन, मामांचं नाक, माझं "चांगला आहे", सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाले, "संध्याकाळी सांगतो काय ते."

हात जोडावेसे वाटले. पण दहाच वाजले होते. दोन्ही मनगटांवर अंबर होता, आणि त्याचा निकाल मला चारला द्यायचा होता.