मुद्दल आणि बाबांचा रविवार

आमच्या घरात एक नियम होता आणि त्याला 'का?' विचारायची सोय नव्हती. बँकेत जायचं, हप्ता भरायचा, पावती घ्यायची, मुकाट्यानं निघायचं. "जास्त बोललं की सायब फाईल दाबून ठेवतो," असं माझे मोठे काका, म्हणजे अण्णा, सांगायचे. त्या नियमाला सुरुंग लावायला मी गेले आणि मीच कशी उडाले, ते ऐकाच!

घराच्या स्लॅबसाठी बाबांनी वैयक्तिक कर्ज काढलं होतं. तेव्हापासून त्यांची सेनगाव-हिंगोली जीप रविवारीसुद्धा थांबेना. "कर्ज फिटू दे, मग रविवारी झोपतो," म्हणायचे. मी बीकॉम! मला हे बघवतंय होय? साठवलेले पैसे काढले आणि घरात व्याख्यानच दिलं: हप्त्यापेक्षा जास्त भरलं की मुद्दल घटतं, मुद्दल घटलं की व्याज घटतं, कर्ज लवकर फिटतं!

"बँकेला वरून पैसे?" अण्णा म्हणाले. "काहून? त्यांच्या घरी लगीन हाय का, आहेर करायला?"

"अण्णा, तुम्हाला नाही कळायचं!"

गेले, कर्जखात्यात पैसे भरले, पावती घेतली, निघाले.

पुढच्या महिन्यात हप्ता कापलाच नाही! त्याच्या पुढच्याही नाही. मी गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या दोघी सल्ला घेऊन गेल्या. बाबा तर खरंच रविवारी बाजेवर आडवे झाले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "माझं लेकरू बराबर बोललं होतं!"

म्हटलं, व्याज किती वाचलं ते तरी बघून यावं. बँकेतल्या मॅडमनी खातं उघडलं.

"काहीच नाही वाचलं."

"म्हणजे?"

"तुमचे पैसे पुढचे हप्ते म्हणून धरलेत. मुद्दल कमी झालंच नाही. मुद्दलात जमा करा, असा अर्ज दिला होता का?"

अर्ज? मी तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं! अण्णांचा नियम इतका काटेकोर खुद्द अण्णांनीही कधी पाळला नसेल.

घरी सांगितलं, तर अण्णा हसून हसून खोकायला लागले. "मंग राहू दे की तसंच! हप्ता न्हाई, तुझा बाप निवांत झोपून राहिला. सायबाला काहून डिवचतीस?"

"व्हय," बाबा बाजेवरूनच म्हणाले. "उरलेल्या पैशात आणखी चार-सहा रविवार निघतेत."

"न्हाई!" मी ओरडलेच. "उरलेला पैसा उद्याच मुद्दलात टाकणार! अर्ज मी देणार, सायबाला शंभर प्रश्न विचारणार. हप्ता परत सुरू झाला तर होऊ दे. ही झोप व्याजानं घेतलेली आहे, बाबा!"

अण्णांच्या हातातला अडकित्ता सुपारीवरच थांबला. मला वाटलं, जिंकले!

मग बाबा उठले. "मंग रविवारी जीप निघणार," म्हणत बादली आणि जीप पुसायचं फडकं माझ्यापुढं ठेवलं.

हल्ली दर रविवारी सेनगावच्या स्टँडवर सगळ्यांत चकाचक जीप आमचीच असते. व्याज किती वाचलं ते खुशाल विचारा, पण जीप कोण धुतं ते तेवढं विचारू नका!